पश्चिमेकडचा व्हरांडा नव्याने करायचाय: फरशी कोणती घालावी, की काचा लावून खोलीच करावी?

तुमचा व्हरांडा 9 फूट खोल, 14 फूट लांब, तोंड पश्चिमेला, वर पत्रा. जुनी फरशी उखडायचीच आहे तर नवी कोणती घालावी हे तुम्ही विचारलंय, आणि मुलगा म्हणतोय की त्यापेक्षा समोरून सरकत्या काचा लावू, एक खोली वाढेल. फरशीचं उत्तर एका ओळीत देते. बाहेर पॉलिशची टाइल घालायची नाही. दगड असो की टाइल, पृष्ठभाग खरबरीत हवा, ओल्या पायाने घसरता कामा नये. संपलं. काचांबद्दल मात्र मला बरंच बोलायचंय, कारण हाच वाद आमच्या घरी झाला आणि त्याचा त्रास आईबाबांनी काढला.

मी घरांचे आराखडे काढते, साइटवर उभं राहून कामं करून घेते. पोटापाण्याचा उद्योगच तो. पण घरी मी धाकटी. बाबांनी व्हरांड्याचं काम काढलं तेव्हा मी सगळं कागदावर मांडून दिलं होतं: व्हरांड्याची जमीन घराच्या जमिनीपेक्षा 3 इंच खाली, भिंतीपासून बाहेरच्या कडेपर्यंत दीड इंच उतार, पत्र्याच्या कडेला पन्हळ, आणि समोरची बाजू पूर्ण उघडी. दादाने कागद पाहिला न पाहिला आणि म्हणाला, "रोज बसतंय कोण तिथे? बंद करून टाकू, एसी लावू, जागा तरी कामी येईल." कंत्राटदार त्याच्याच ओळखीचा. तो मला म्हणाला, "ताई, लेव्हल एक केली की हॉल केवढा मोठा दिसतो बघा." बाबा दोघांचं ऐकून गप्प बसले आणि काम दादाच्या म्हणण्याप्रमाणे झालं.

जमीन घराच्या बरोबरीने उचलली. आत खोलीच होणार, मग उतार कशाला, म्हणून तोही काढून टाकला. वर चकचकीत टाइल. समोर या टोकापासून त्या टोकापर्यंत ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा.

पहिल्या मोठ्या पावसात खालच्या ट्रॅकमध्ये पाणी साचलं. ते साचतंच. सरकत्या खिडकीच्या ट्रॅकला बाहेरच्या अंगाने बारीक भोकं ठेवलेली असतात, आत शिरलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. कंत्राटदाराच्या माणसाने ती भोकं बघितली, पाणी इथूनच आत येतंय असं ठरवलं आणि सिलिकॉनने बुजवून टाकली. पुढच्या पावसात ट्रॅक काठोकाठ भरला आणि पाणी आत सांडलं. उतार नाही, 3 इंचांची पायरी नाही, त्यामुळे त्याने सरळ हॉलच्या दाराचा रस्ता धरला. मी पुढे गेले तेव्हा त्या दाराच्या लाकडी चौकटीचा पाय बोटाने दाबला तर बोट आत गेलं. रंग वरून शाबूत, आत भुगा. शेजारच्या भिंतीचा गिलावा गुडघाभर उंचीपर्यंत फुगलेला, पोपडे सुटलेले.

पाण्याचं एकवेळ सोडा. दुपारनंतर त्या खोलीत बसणंच अशक्य होतं. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, छपराखालून थेट आत घुसतं. काचेतून ते आत जातं, जमीन आणि फर्निचर तापतं, आणि तापलेल्या वस्तूंची उष्णता काच बाहेर जाऊ देत नाही. आईने आतून जाड पडदे लावले. आतल्या पडद्याचा उपयोग थोडाच, कारण ऊन तोपर्यंत काच ओलांडून आलेलं असतं. पडदाच तापतो आणि खोली तापवत बसतो. एसी संध्याकाळपर्यंत झगडायचा. आणि ज्या हॉलला मोठं करायला निघाले होते त्याची खिडकी आता या बंद खोलीत उघडायला लागली. वारा थांबला, उजेड गेला, भर दिवसा हॉलमध्ये दिवा लावावा लागायला लागला. एक खोली मिळवायला दोन खोल्या घालवल्या.

शेवटी बाबांनीच काचा काढायला सांगितल्या. जमीन टाइलखालच्या थरासकट फोडून मी कागदावर होती तशी करून घेतली. टाइल घालायच्या आधी पाणसळ लावून कडेपर्यंतचा उतार स्वतः तपासला, आणि सांधे भरून वाळल्यावर भिंतीलगत बादलीभर पाणी ओतलं. ते एकसारखं पसरत बाहेरच्या कडेला गेलं, मध्ये कुठेही डबकं नाही. आज आईबाबा सकाळचा बराच वेळ तिथेच असतात.

दादा अजूनही म्हणतो की कल्पना बरोबर होती, काम वाईट झालं. हे मला मुळीच पटत नाही. भोकं मोकळी असती, उतार असता, तर पाणी आलं नसतं, कबूल. पण सूर्य त्याच दिशेला मावळला असता, हॉलचा वारा तसाच अडला असता. तुमचा मुलगाही हेच म्हणेल की आपण चांगला माणूस आणू. माणूस कितीही चांगला आणलात तरी पश्चिम पूर्वेला नेता येत नाही.

आता तुमच्या व्हरांड्याचं. 9 फूट खोल म्हणजे चांगली ऐसपैस जागा आहे. मी असे कित्येक व्हरांडे बघितलेत जे चार फूट खोल असतात आणि तिथे चपला आणि वाळत घातलेले कपडे याशिवाय काही राहत नाही. खुर्ची टाकून पाय पसरायला 3 फूट लागतात, पुढून माणूस जायला आणखी 3. म्हणजे 6 फुटांखाली बसणं होत नाही, 8 फुटांना मोकळं वाटतं. तुमच्याकडे 9 आहेत, ते वाया घालवू नका. दाराकडे जाणारी वाट मात्र एका अंगाने ठेवा. ती बसायच्या जागेच्या मधून गेली की येणाऱ्याजाणाऱ्यासाठी सारखे पाय आखडावे लागतात, आणि काही दिवसांनी लोक तिथे बसणं सोडतात. समोर कठडा करणार असाल तर त्याचा एक भाग 16 ते 18 इंच उंचीचा, तेवढ्याच रुंदीचा कट्टा करा. चार पाहुणे आले तरी खुर्च्या शोधाव्या लागत नाहीत. जमीन अंगणापासून बरीच उंच असेल तर लहान मुलांसाठी त्यामागे कठडा हवाच.

उन्हाचा बंदोबस्त बाहेरूनच करा. वरचं छप्पर किंवा छज्जा दुपारी कामाला येतो, चारनंतर नाही, कारण सूर्य खाली उतरलेला असतो. त्याला उभा आडोसा लागतो: गुंडाळता येणारे बांबूचे पडदे, उभ्या पट्ट्यांची जाळी, नाहीतर तारेवर चढवलेली वेल. वेल सगळ्यात उत्तम, फक्त तिची मुळं जोत्यापासून लांब लावा.

उतार 100 ला 1 यापेक्षा कमी नको. तुमच्या 9 फुटांत तो साधारण एक इंच होतो. मी दीड ठेवते, कारण गवंड्याच्या हातून थोडं इकडेतिकडे होतंच. लाकडी खांब असतील तर त्यांचे पाय काँक्रीटमध्ये पुरू नका, लोखंडी बुटावर, म्हणजे खांबाखालच्या लोखंडी बैठकीवर, जमिनीपासून इंचभर वर उभे करा. पाण्यात उभं राहिलेलं लाकूड कुजतंच.

काही गोष्टी दादाच्या बाजूच्याही आहेत, त्या सांगायला हव्यात. घरात कुणी चाकांच्या खुर्चीवर असेल किंवा गुडघ्यांनी पायरी झेपत नसेल तर 3 इंचांचा हट्ट धरू नका. जमीन एका पातळीत ठेवा, पण मग दारालगत जाळीचं झाकण असलेला चर घ्या आणि उतार तिथून बाहेर काढा. डासांचा किंवा धुळीचा जाच असेल तर बारीक जाळीने बंद करा, वारा तरी राहतो. कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात, दुपारचं ऊन येणाऱ्या बाजूला काचेचा व्हरांडा खरोखर सुखाचा असतो, तिथे माझं म्हणणं लागू नाही. आणि तरीही बंदच करायचं ठरलं तर आधी परवानगीचं बघा. उघडा व्हरांडा आणि बंद खोली यांचं क्षेत्रफळ पुष्कळ ठिकाणी वेगवेगळ्या हिशेबाने धरतात. जुन्या खांबांवर नवीन वजन घालण्याआधी पाया कुणाला तरी दाखवून घ्या.

मुलगा ऐकत नसेल तर त्याला एखाद्या उन्हाळी दिवशी चार वाजता पश्चिमेची खिडकी बंद करून, तिच्यासमोर खुर्ची टाकून अर्धा तास बसायला सांगा. आमच्याकडे हे कुणी केलं नाही, नुसतं बोलत राहिले.

पत्रा चांगला असेल तर बदलू नका. जिथे तो घराच्या भिंतीला टेकतो तिथे गिलाव्यात खाच पाडून पत्र्याची पट्टी आत घुसवलेली आहे का बघा. नुसतं सिमेंट किंवा सिलिकॉन थापलेलं असेल तर पहिली गळती तिथूनच होणार. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर हवेत, खोलगट भागात नकोत. खालून छत माराल तर मध्ये हवा खेळायला दोन्ही टोकांना फट सोडा. आणि उजेडासाठी म्हणून कुणी पारदर्शक शीट सुचवली तर नाही म्हणा, पश्चिमेचं ऊन वरून घ्यायचं काही कारण नाही.