लाव्हा राहू दे, भूकंपाचं विचारा

प्रश्न : मुलगी पीएचडीच्या कामासाठी हवाईच्या मोठ्या बेटावर, हिलोला चाललीय. विषय भूकंप. घरात सगळ्यांना टेन्शन, सासूबाई रोज लाव्हाचे व्हिडिओ बघून घाबरतायत. ज्वालामुखी फुटला की भूकंप येतो असंच ना? म्हणजे उद्रेक नसेल तेव्हा काळजी नको? – एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, सासूबाईंना सांगा की लाव्हाने घरं जातात, २०१८ मध्ये तिथल्या किलाउएआ ज्वालामुखीच्या लाव्हाने ७०० च्या वर घरं-इमारती गिळल्या, पण त्याने एकही जीव घेतला नाही कारण लोकांना बाहेर काढायला वेळ मिळाला. भूकंप तेवढा वेळ देत नाही. आणि "उद्रेक नसेल तेव्हा काळजी नको" हे मात्र डोक्यातून काढाच.

गंमत बघा, हवाई पॅसिफिक प्लेटच्या (पृथ्वीच्या कवचाच्या एका मोठ्या तुकड्याच्या) पार मध्यावर आहे, प्लेटची कड तिथून हजारो किलोमीटर लांब, त्यामुळे जपानसारखे भूकंप तिथे यायचं कारणच नाही असं वाटतं. पण १८६८ च्या २ एप्रिलला तिथे सुमारे ७.९ चा भूकंप झाला, बेटाच्या दक्षिणेकडच्या कऊ भागातली दगडी घरं कोसळली, दरड आणि सुनामी मिळून ७७ माणसं गेली. कारण बेटाच्या वजनात आणि आकारात आहे. हे बेट म्हणजे जुन्या समुद्रतळावर लाव्हाचे थर ओतून ओतून झालेला ढीग, अंगणात डंपरने रेती ओतली की कडा जशी घसरायला बघते तशी किलाउएआची दक्षिण बाजू समुद्राकडे दर वर्षी काही सेंटीमीटर सरकत असते, त्यात आतून मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, भेगांमध्ये घुसून तिला अजून ढकलतो. खाली ७ ते ९ किलोमीटरवर जुना समुद्रतळ आणि बेट यांच्यामध्ये जी सपाट फट आहे तिथे ती अडकते, आणि सुटली की मोठा दणका.

२९ नोव्हेंबर १९७५ चं, त्याच दक्षिण किनाऱ्यावरच्या हलापेचं प्रकरण तर मुलीला माहीत असेलच. किनाऱ्यावर तंबू ठोकून लोक झोपलेले, पहाटे साडेतीनच्या सुमारास ५.७ चा धक्का, मागच्या कड्यावरून दगड घरंगळायला लागले म्हणून लोक कड्यापासून लांब, समुद्राच्या बाजूला जाऊन झोपले. तासाभराने ७.७ चा मुख्य भूकंप. जमीन तिथल्या तिथे ३ मीटरहून जास्त खचली, मिनिटाभरात पाणी आत, दोघं गेले. किनाऱ्यावर काही ठिकाणी पाणी १४ मीटरच्या वर चढलं होतं. उद्रेकही झाला, पण भूकंपानंतर, आणि छोटा, काही तासांत आटोपलेला.

म्हणून काळजीच करायची तर अशी करा : किनाऱ्यावर असताना जोरात हललं किंवा बराच वेळ हललं तर सायरनची वाट न बघता उंचावर पळायचं, एवढं तिच्या अंगवळणी पडलेलं असू दे. आणि राहायची जागा हिलोच्या अगदी समुद्राला लागून नको, १९६० मध्ये चिलीच्या भूकंपाच्या सुनामीने तिथे ६१ लोक गेले.

प्रश्न : हवाईत भूकंपाचा अभ्यास म्हणजे रोज नक्की काय करतात? यंत्र लावून वाट बघत बसायचं? – बीएस्सीचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : वाट बघावी लागतच नाही मित्रा, धक्के रोजचेच आहेत, बहुतेक कुणाला जाणवतही नाहीत. थॉमस जॅगर या भूशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये किलाउएआच्या काठावर वेधशाळा उभी केली, तेव्हा जपानी ओमोरी भूकंपमापक यंत्रं तळघरात ठेवून सुरुवात झाली. आता बेटभर सिस्मोमीटर (भूकंपमापक) आहेत, जोडीला जीपीएस, जमिनीचा कल मोजणारी यंत्रं आणि सॅटेलाइट.

मूळ हिशोब साधा आहे, भूकंपाची आधी वेगवान पी लहर येते मग हळू एस लहर, दोघींच्या वेळेतल्या फरकावरून अंतर काढायचं, तीन-चार ठिकाणचं जुळवलं की जागा सापडते. पण ज्वालामुखी बेटावर खरी मजा खोलीत आहे. वरच्या थोड्या किलोमीटरांतले धक्के मॅग्माची हालचाल सांगतात, ७-९ किलोमीटर खोलीवरचे किलाउएआच्या त्या घसरणाऱ्या बाजूचे असतात, आणि ३०-४० किलोमीटर खोलीवरचे तिसरेच, बेटांच्या ओझ्याने खालची प्लेट वाकते त्याचे. २००६ चा किहोलो बेचा ६.७ चा भूकंप असाच, जवळपास ३९ किलोमीटर खोल, आणि लांबच्या ओआहू बेटावरची वीज गेली.

एप्रिल २०१८ च्या शेवटी किलाउएआच्या पू ओओ या मुखाचा तळ खचला आणि छोट्या धक्क्यांची रांग पूर्वेकडे सरकत गेली, म्हणजे जमिनीखालून मॅग्मा कुठे चाललाय ते नकाशावर अक्षरशः दिसत होतं, ३ मेला लेलानी इस्टेट्स या वस्तीत रस्त्याला भेगा पडून लाव्हा वर आला, आणि दुसऱ्या दिवशी ६.९ चा भूकंप. मग किलाउएआच्या शिखराकडचं विवर टप्प्याटप्प्याने खचत राहिलं, ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत ६२ वेळा, दर वेळी ५ च्या वरच्या भूकंपाएवढी ऊर्जा. यात वेधशाळेची स्वतःचीच इमारत इतकी खिळखिळी झाली की सोडावी लागली, हिलोला हलावं लागलं!

मला सगळ्यात भारी वाटतात ते मुके भूकंप. नोव्हेंबर २००० मध्ये दीडेक दिवस किलाउएआची ती दक्षिण बाजू गुपचूप समुद्राकडे सरकली, साधारण ५.७ च्या भूकंपाएवढं काम झालं आणि कुणाला कळलंही नाही, फक्त जीपीएसला कळलं. कोडिंग शिकून घे बरं का, फील्डवर फिरण्यापेक्षा डेटा चाळण्यात जास्त वेळ जातो.

प्रश्न : छोटे धक्के येत राहिले की मोठा टळतो, खरं का? – ठाणे

उत्तर : नाही. भूकंपाच्या मापात एका अंकाला ऊर्जा साधारण ३२ पट वाढते, म्हणजे ७ च्या भूकंपाची ऊर्जा भागवायला ४ चे ३० हजारांच्या वर धक्के लागतील. आणि १८६८ मध्ये मोठ्याच्या आधी पाच दिवस ७ च्या आसपासचा झालाच होता, टळलं काही नाही.

प्रश्न : आमच्याकडचा काळा दगडही लाव्हाचाच म्हणतात. मग कोयनेचे धक्केही हवाईसारखेच का? खाली काही जिवंत आहे का? – पाटण, जि. सातारा

उत्तर : दगड लाव्हाचा, बरोबर. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपला भूभाग ज्या हॉटस्पॉटवरून (खोलातून मॅग्मा वर येत राहतो अशा जागेवरून) जात होता तो आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे, तिथला पितों द ला फुर्नेझ अजून फुटतो. आपल्याखालून तो केव्हाच मागे राहिला, तेव्हा मॅग्माची भीती सोडा.

कोयनेचे धक्के लाव्हाच्या थरात होतही नाहीत फारसे. गोठण्याजवळ ३ किलोमीटर खोल बोअर घेतली तेव्हा साधारण सव्वा किलोमीटर बेसॉल्ट, म्हणजे तुमचा तो काळा दगड, लागला आणि त्याच्याखाली ग्रॅनाइटसारखा फार जुना कातळ. भूकंप मुख्यतः त्या कातळातल्या भेगांवर होतात, आणि त्याचा संबंध शिवसागर जलाशय भरण्या-उतरण्याशी लागतो, १९६२ मध्ये पाणी साठायला लागल्यापासून हे चालू आहे, ११ डिसेंबर १९६७ चा तर तुमच्या घरातल्या मोठ्यांना आठवतच असेल.

सारखेपणा एकाच गोष्टीत दिसतो, कऊमध्ये काय आणि कोयनानगरला काय, दगड रचून बांधलेली घरंच आधी पडली. हवाईत आता लाकडी घरं आहेत पण ती खांबांवर नुसती टेकवलेली असली की २००६ सारखी खांबावरून सरकतात, म्हणून तिथे खांब आणि घर लोखंडी पट्ट्यांनी बांधून घेतात. तुमचं घर जुनं, मातीच्या जोडणीचं असेल तर इंजिनिअरला बोलवून लिंटेलच्या (दारं-खिडक्यांच्या वरच्या कडेच्या) उंचीला चारी भिंतींभोवती पट्टा घालता येतो का ते विचारा, पूर्ण घर पाडून बांधण्यापेक्षा खूप स्वस्त पडतं.