फिजिशियन असिस्टंटच्या (डॉक्टरांबरोबर पेशंट तपासणाऱ्या प्रशिक्षित सहायकाच्या) कोर्सच्या विद्यार्थ्याकडून नेमक्या कोणत्या क्षमतांची अपेक्षा असते? मुलगी अभ्यासात हुशार आहे, पण हातानं करायच्या कामांना बुजते. अमेरिकेत हा कोर्स तिला झेपेल का?

तुमच्या प्रश्नातला 'बुजते' हा शब्द वाचला आणि उत्तर लिहायला बसले. हाच कोर्स करताना माझ्या एका रोटेशनच्या (एकेका विभागात पाळीपाळीनं पेशंटबरोबर काम करण्याच्या टप्प्याच्या) मूल्यमापनात 'आत्मविश्वास कमी, कौशल्य अपेक्षेपेक्षा खाली' असा शेरा आहे. तो कशामुळे मिळाला, हे कुणाला तरी एकदा नीट सांगायचंच होतं.

आधी तुम्ही विचारलंय त्याबद्दल. बहुतेक प्रोग्रॅम प्रवेशाच्या वेळी 'टेक्निकल स्टँडर्ड्स' पुढे ठेवतात आणि सही घेतात. त्यात मार्कांचा विषय नसतो. पेशंटला बघून, ऐकून, हात लावून माहिती घेता आली पाहिजे. पेशंटशी आणि टीमशी नीट बोलता-लिहिता आलं पाहिजे. तपासणीपुरता आणि छोट्या प्रोसिजरपुरता हात चालला पाहिजे. मिळालेल्या माहितीतून निष्कर्ष काढता आला पाहिजे. आणि जागरण झालेलं असताना, नातेवाईक चिडलेले असताना वागणं सुटता कामा नये. कोर्स साधारण 27 महिन्यांचा, त्यात सुमारे 2000 तास रोटेशनचे: फॅमिली मेडिसिन, इमर्जन्सी, सर्जरी, लहान मुलं, स्त्रीरोग, मानसिक आरोग्य असं सगळं. शेवटी 300 प्रश्नांची पॅन्स, म्हणजे हे काम करण्यासाठी पास व्हावी लागणारी राष्ट्रीय परीक्षा. हुशार मुलगी तिथे अडत नाही. टाके घालणं, शीर सापडणं हे हातांना सवयीनं येतं. त्यामुळे बुजण्याची काळजी सोडा.

काळजी दुसऱ्याच गोष्टीची करा. ती कोणती, ते माझ्यावर आलेल्या प्रसंगावरून सांगते.

माझं दुसरंच रोटेशन होतं. तिशीतली एक बाई आली. तीन आठवडे डोकं दुखत होतं, सकाळी उठल्यावर जास्त. अशा वेळी डोळ्याच्या मागच्या पडद्यावरची डिस्क (दृष्टीची नस जिथे डोळ्याला जोडलेली असते ती गोल जागा) बघायची असते. कवटीतला दाब वाढला असेल तर तिच्या कडा फुगून पुसट होतात. मी खोलीतला दिवा मंद केला, तिला समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहायला सांगितलं आणि ऑप्थॅल्मोस्कोप (डोळ्याच्या आत बघायचं उपकरण) घेतला. तिचा उजवा डोळा आपल्या उजव्या डोळ्यानं बघायचा, बाजूनं तिरकं जवळ जायचं, इतकं की तिचा श्वास माझ्या गालाला लागत होता. बाहुलीत लाल चमक दिसली. एक रक्तवाहिनी सापडली, तिच्या फांद्या जिथे एकत्र येतात त्या दिशेनं सरकले आणि बाहुली आणखी आकसली. पुन्हा लाल धूसर. डावा डोळाही तसाच. पुन्हा पहिल्यापासून केलं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा थांबले.

प्रिसेप्टर, म्हणजे रोटेशनवर शिकवणारे आणि देखरेख करणारे, दारातच उभे होते, बाहेर पेशंटची रांग होती.

"फंडस?" डोळ्याचा तो मागचा भाग कसा दिसला, असं ते विचारत होते.

"डिस्क दिसली नाही, सर."

"प्रयत्न केलास ना?"

"दोनदा केला."

"मग नॉर्मल लिही आणि पुढचा पेशंट घे."

मी 'दोन्ही डोळ्यांत डिस्क दिसली नाही' असं लिहिलं. ते वाचल्यावर त्यांना त्या बाईला त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवावं लागलं. फोन करणं, कागद भरणं, यात त्यांचा वेळ गेला आणि ते माझ्यावर वैतागले. तिकडे थेंब घालून बाहुली मोठी करून बघितलं. डिस्क अगदी नॉर्मल, कडा स्वच्छ.

इथेच माझं आणि माझ्या एका वर्गमैत्रिणीचं बिनसलं, ते आजतागायत. ती त्याच रोटेशनला माझ्याबरोबर होती. तिच्या प्रत्येक नोटमध्ये 'फंडस नॉर्मल' असायचं आणि तिचा शेरा उत्तम आला. महिन्याभरानं तिनंच सांगितलं की तिला डिस्क तोवर एकदाही दिसली नव्हती. मी भडकले तर म्हणाली, "अगं, शेवटी नॉर्मलच निघाली ना? मग तू एवढं करून काय मिळवलंस?"

मिळवलं काही नाही. मुद्दा वेगळाच आहे. ती डिस्क नॉर्मल आहे हे त्या दुपारी आम्हा तिघांपैकी कुणालाही माहीत नव्हतं. तिचा 'नॉर्मल' हा अंदाज होता, आणि तो तिनं तपासणी म्हणून लिहिला. आपल्या कामात डॉक्टर प्रत्येक पेशंटला पुन्हा तपासत नाहीत, आपण लिहिलेलं वाचून पुढचं ठरवतात. न बघता लिहिलेला 'नॉर्मल' पुढच्या माणसाचे डोळे बंद करतो. 'दिसलं नाही' वाचून निदान कुणीतरी पुन्हा बघतं.

हा माझा हट्टीपणा आहे असं कुणी म्हणू नये. या व्यवसायाच्या संघटनांनी मिळून 2005 साली क्षमतांचं जे पत्रक काढलं, त्यात फिजिशियन असिस्टंटनं स्वतःच्या मर्यादा मान्य केल्या पाहिजेत हे व्यावसायिक वागणुकीखाली स्पष्ट लिहिलं आहे. ते छापून मी प्रोग्रॅमच्या ऑफिसात घेऊन गेले होते. शेरा बदलला नाही.

आणि मुळात हा व्यवसाय कसा सुरू झाला ते बघा. 1965 साली ड्यूक विद्यापीठात यूजीन स्टेड यांनी पहिली बॅच घेतली ती नौदलातून आलेल्या चार कोअरमनची (वैद्यकीय मदतनिसांची). म्हणजे ज्यांचे हात आधीच कामाला तयार होते अशांची. तरी त्यांना पुन्हा शिकवायला बसवलंच. 1967 साली त्यातले तिघे बाहेर पडले. म्हणून नुसता हात चालतो यावर विद्यार्थ्याला जोखणारे प्रिसेप्टर मला पटत नाहीत. ठाम आवाजात चुकीचं सांगणाऱ्याला 'आत्मविश्वास' म्हणून मार्क देणं तर धोक्याचंच आहे.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवली तर मीही तेच केलं असं होईल. त्या शेऱ्यातलं 'कौशल्य अपेक्षेपेक्षा खाली' हे खरं होतं. 'दिसलं नाही' हे पहिल्या महिन्यात चालतं, वर्षभर तेच सांगत राहिलं तर ती खोट आहे. त्यानंतर मी रोज संध्याकाळी तपासणीच्या खोलीत पडदे ओढून वर्गातल्या जो सापडेल त्याचे डोळे बघत बसायचे. तिसऱ्या आठवड्यात एका मुलाच्या डाव्या डोळ्यात वाहिनीच्या मागे मागे जाताना ती अचानक समोर आली. पिवळसर गुलाबी, गोल, कड सुरीनं कापल्यासारखी. मी श्वास रोखून किती वेळ बघत राहिले कोण जाणे, शेवटी तोच म्हणाला की आता डोळा मिटू का.

तेव्हा मुलीला हे विचारा: सगळ्यांसमोर 'मला जमलं नाही' म्हणता येईल का, आणि त्याच संध्याकाळी ते पुन्हा करायला बसता येईल का? दोन्हीला हो असेल तर बुजरेपणा आड येणार नाही. मात्र नजर, ऐकणं किंवा हाताचा कंप अशी काही खरी अडचण असेल तर ती वेगळी गोष्ट. तिथे कायद्यानं वाजवी सोय मागता येते, पण ती आपण मागावी लागते, आणि रोटेशन सुरू व्हायच्या आधी मागितलेली बरी. आणि टेक्निकल स्टँडर्ड्सचा कागद तिचा तिला वाचू द्या, तिच्या वतीनं तुम्ही वाचू नका.