चिमटा काढण्याआधी एकक बघा

या महिन्याच्या टपालात नाशिक आणि आसपासहून आलेले बहुतेक प्रश्न व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या वादांतून निघालेले आहेत. तंत्रज्ञानाची एखादी बातमी येते, तिच्यावर कोट्या होतात, कोपरखळ्या बसतात आणि रात्री अकरापर्यंत मूळ मुद्दा कुठल्या कुठे गेलेला असतो. कोटी करणारे पुष्कळ असतात. आकडा कशात मोजलाय, असं विचारणारा क्वचितच सापडतो. खालच्या प्रत्येक वादात असा एक आकडा दडलेला आहे.

सोसायटीच्या ग्रुपवर ३०० एमबीपीएसच्या नव्या प्लॅनची बातमी आली. 'तीनशे नावाला, घरात पंचाण्णव' असं एकानं लिहिलं. दुसऱ्यानं 'तुमचा लॅपटॉप पेशवाईतला असेल' म्हणून हाणलं. माझ्याकडेही टेस्टमध्ये ९४-९५च येतात. कंपनी फसवते आहे का?
– एक वाचक, इंदिरानगर

आकडा ९४-९५वर येऊन थांबत असेल आणि सकाळ-संध्याकाळ तिथेच राहत असेल, तर दोष जवळजवळ नक्की तुमच्या घरातच आहे. वरून वेग कमी येत असता तर आकडा हलता राहिला असता, म्हणजे दुपारी २१० आणि रात्री नऊला १२०. ९५ला चिकटून बसलेला आकडा सांगतो की वायरची जोडणी १०० एमबीपीएसवर झाली आहे. उरलेले पाच-सहा टक्के प्रत्येक पॅकेटवरच्या पत्त्यात आणि वेष्टनात जातात.

लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, म्हणजे चार जोड्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच जोड्या लागतात, पिन क्रमांक १, २, ३ आणि ६. गिगाबिटला, म्हणजे १,००० एमबीपीएसला, चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी प्लगमध्ये नीट दाबली गेली नसेल, तरी राऊटर आणि लॅपटॉप आपसांत ठरवून १००वर उतरतात. इंटरनेट चालूच राहतं, त्यामुळे कुणाला संशय येत नाही आणि शिव्या कंपनीला बसतात.

लॅपटॉपला केबल लावा. विंडोजमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क, इथरनेट असं जाऊन 'लिंक स्पीड' बघा. तिथे १००/१०० दिसलं तर आधी केबल बदला. कॅट-५ई किंवा कॅट-६ची एक-दोन मीटरची तयार केबल पुरते. जुना प्लग फेकण्याआधी उजेडात धरा, क्लिप खाली आणि वायर स्वतःकडे. डावीकडून रंग असे हवेत: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही तारांची टोकं प्लगच्या पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत. एखादी मिलिमीटरभर मागे राहिली असेल तर चोर तोच.

केबल बदलूनही आकडा हलला नाही तर पोर्ट तपासा. फायबरच्या डब्याच्या काही मॉडेलांत एकच पोर्ट गिगाबिट असतं, बाकीची १००ची असतात. पोर्टवर 'जीई' लिहिलंय की 'एफई' ते बघा, जीई म्हणजे गिगाबिट. स्वस्तातल्या जुन्या राऊटरची आणि काही लॅपटॉपची पोर्टंही १००चीच असतात, म्हणजे पेशवाईच्या टोमण्यात तथ्य निघू शकतं. वाय-फायवर मोजत असाल तर ५ गिगाहर्ट्झचं नाव निवडा आणि राऊटरच्याच खोलीत उभं राहून मोजा. दोन भिंतींपलीकडे २.४ गिगाहर्ट्झवर घेतलेल्या मोजमापावरून कुणालाच जाब विचारता येत नाही.

याच वादात आणखी एक घोळ होतो. प्लॅनचा आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि डाउनलोडची खिडकी मेगाबाइट दाखवते. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ३००ला आठनं भागा. सेकंदाला ३७.५ मेगाबाइट मिळाले तर प्लॅन पूर्ण मिळतोय. ४ जीबीची फाइल ३००वर पावणेदोन मिनिटांत उतरते, ९५वर तिला साडेपाच मिनिटांहून थोडं जास्त लागतं. ग्रुपवर लिहायचंच असेल तर लिंक स्पीडचा स्क्रीनशॉट टाका.

आमच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी 'फाइव्ह-जी टॉवरमुळे पक्षी मेले' हा निरोप फिरतो. मी शंका काढली की 'आले मोठे शास्त्रज्ञ' असं ऐकावं लागतं. काय उत्तर द्यावं?
– एक वाचक, कॉलेज रोड

आधी निरोपाच्या डोक्यावर दोन बाण आहेत का बघा. पाच किंवा त्याहून जास्त हातांतून आलेल्या निरोपाला व्हॉट्सॲप ती खूण लावतं. म्हणजे पाठवणाऱ्याला स्वतःलाही मूळ ठाऊक नाही, तेव्हा त्याच्यावर राग काढू नका. मग फोटो गूगल लेन्समध्ये टाका आणि तो सर्वांत आधी कुठे आणि कधी दिसला ते शोधा.

या अफवेचं मूळ नेदरलँड्समधल्या हेग शहरातलं आहे. तिथल्या एका बागेत २०१८च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेकडो पक्षी मेलेले सापडले. फाइव्ह-जीची चाचणी मात्र त्या भागात जूनमध्ये, एकाच दिवशी झाली होती. तारखा शेजारी ठेवल्या की गोष्ट तिथेच संपते. भारतात तर फाइव्ह-जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली, म्हणजे त्याआधीचा कुठलाही भारतीय फोटो आपोआप बाद.

किरणोत्सर्गाची भीती खरीखुरी असणाऱ्यांशी मात्र नीट बोला. टॉवरच्या उत्सर्जनाची भारतातली मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे आणि ती १ सप्टेंबर २०१२पासून लागू आहे. फोनसाठी मर्यादा एका ग्रॅम ऊतीवर सरासरी १.६ वॉट प्रति किलो. फोनवर *#०७# दाबलं की तुमच्या मॉडेलचा आकडा दिसतो. उत्तर दोन ओळींत द्या, एका ओळीत तारीख आणि दुसरीत हा नंबर. लोक स्वतः दाबून बघतात, आणि स्वतःच्या फोनवर दिसलेल्या आकड्याशी भांडायला कुणी बसत नाही.

संगणकाची कुठलीही बातमी आली की २०२४च्या जुलैतल्या निळ्या पडद्यांची आठवण काढून विंडोजवाल्यांना शालजोडीतले दिले जातात. 'लिनक्स असतं तर विमानं उडाली असती' हे ठरलेलं वाक्य. नेमकं काय झालं होतं?
– एक वाचक, पंचवटी

१९ जुलै २०२४ला आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं झाली होती, तेव्हा क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं आपल्या फाल्कन प्रणालीसाठी एक छोटी अद्ययावत फाइल जगभर सोडली. १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेतली. मधल्या सव्वा तासात ती जिथे जिथे उतरली तिथली विंडोज यंत्रं बंद पडून पुन्हा पुन्हा सुरू होत राहिली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं अशी ८५ लाख यंत्रं होती, म्हणजे सगळ्या विंडोज यंत्रांच्या एक टक्क्याहून कमी. पण ती विमान कंपन्यांत, बँकांत आणि रुग्णालयांत बसलेली होती, म्हणून फटका एवढा मोठा.

कारण ऐकलं की टोमण्यातली हवा जाते. नव्या फाइलला २१ रकाने लागत होते आणि फाल्कनचा संगणक-कार्यक्रम तिला २०च पुरवत होता. एकविसावा वाचायला गेल्यावर त्यानं नसलेल्या जागेत हात घातला. हा कार्यक्रम विंडोजच्या गाभ्यात चालतो आणि तिथे चूक झाली की अख्खं यंत्र थांबतं. गाभ्यात शिरणारा कार्यक्रम लिनक्सलाही पाडू शकतो. याच कंपनीच्या अद्यतनानं त्याच वर्षी एप्रिलमध्ये काही डेबियन लिनक्स यंत्रं बंद पाडली होती. चर्चा करायचीच तर याची करा, की सगळ्या यंत्रांवर एकाच वेळी अद्यतन सोडण्याऐवजी आधी थोड्या यंत्रांवर सोडून तासभर थांबायला काय हरकत होती?

दुरुस्ती सोपी होती. सेफ मोडमध्ये जायचं, विंडोजच्या सिस्टम३२मधल्या ड्रायव्हर्समध्ये क्राउडस्ट्राइकचा फोल्डर उघडायचा, 'सी-०००००२९१'नं सुरू होणारी फाइल काढायची आणि यंत्र पुन्हा चालू करायचं. अडलं ते बिटलॉकरवर, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपावर. डिस्क कुलूपबंद असेल तर सेफ मोडच्या आधी ४८ अंकी किल्ली मागितली जाते, आणि कित्येक ठिकाणी त्या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या तोच निळा होऊन बसला होता.

सातपूर-अंबडमध्ये ज्यांचं छोटं ऑफिस आहे त्यांनी हे आजच करावं. कंट्रोल पॅनेलमध्ये बिटलॉकर उघडा, 'बॅक अप रिकव्हरी की' निवडा, किल्ली छापा आणि कागद कपाटात ठेवा. घरच्या नव्या लॅपटॉपांवर हे कुलूप बरेचदा आपोआप चालू असतं आणि किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते. त्या खात्याचा पासवर्ड आठवतोय का, तेवढं एकदा दुसऱ्या यंत्रावरून उघडून बघा.

१ टीबीची हार्ड डिस्क घेतली, संगणक ९३१ जीबी दाखवतो. 'मापात पाप' म्हणून ग्रुपवर दुकानदाराची खिल्ली उडवली गेली.
– एक वाचक, नाशिकरोड

दुकानदार निर्दोष आहे. खोक्यावरचा टेराबाइट म्हणजे एक लाख कोटी बाइट. विंडोज एका जीबीत १,०७,३७,४१,८२४ बाइट धरतं. भागाकार केला की ९३१ येतात. या मोठ्या मापाला १९९८पासून 'गिबिबाइट' असं वेगळं नाव आहे, पण विंडोज ते वापरत नाही.

पाप असतं ते रस्त्यावर पाचशे रुपयांत मिळणाऱ्या '२ टीबी'च्या पेन ड्राइव्हमध्ये. आतली चिप ३२ किंवा ६४ जीबीची असते आणि खोटा आकडा सांगायला शिकवलेली असते. जागा संपली की नवीन फाइल जुन्या फाइलीवर लिहिली जाते, तक्रार काही येत नाही, आणि फोटो उघडायला गेलात की फाइल खराब. एच२टेस्टडब्ल्यू हा मोफत कार्यक्रम ड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचतो आणि खरी जागा सांगतो. ड्राइव्ह रिकामा असतानाच चालवा.

१०,००० एमएएचची पॉवर बँक ५,०००चा फोन दोनदा भरत नाही, दीडदाच भरते. 'गणित कच्चं' असं मला ऐकवलं गेलं. आणि ओझरहून विमानानं जाताना ती नेता येते का?
– एक वाचक, सिडको

गणित ऐकवणाऱ्याचं कच्चं आहे. एमएएच हा आकडा व्होल्टेजशिवाय अपुरा असतो. पॉवर बँकेतल्या सेलचे १०,००० हे ३.७ व्होल्टला मोजलेले, म्हणजे ३७ वॉट-तास. ते ५ व्होल्टवर चढवून बाहेर काढताना दहा-पंधरा टक्के उष्णतेत जातात आणि हातात ३१ ते ३३ उरतात. फोनची बॅटरी साधारण १९ वॉट-तासांची, पण चार्जिंगमध्ये फोनही तापतो, म्हणून तिला भरायला २२ लागतात. ३२ भागिले २२, दीडच्या जरा खाली. खोक्याच्या मागे बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' छापलेली असते, खरेदी करताना तीच वाचा.

विमानात ती हातातल्या बॅगेतच न्यायची, सामानात टाकायची नाही. १०० वॉट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही. त्या हिशेबानं ३.७ व्होल्टची २७,००० एमएएचची बँक ९९.९वर बसते. वॉट-तासांचा छाप पुसट झाला असेल तर बँक अडवली जाऊ शकते.

इलेक्ट्रिक स्कूटरची बातमी आली की 'घाटात ढकला, घरात जाळा' हे उत्तर ठरलेलं. कसारा घाट चढताना खरंच एवढी बॅटरी जाते का? आणि आगीचं काय?
– एक वाचक, इगतपुरी

दोन माणसांसह स्कूटरचं वजन २५० किलो धरा. १०० मीटर उंची चढायला ६८ वॉट-तास लागतात, मोटारीतला तोटा धरून ८५. सपाटीवर किलोमीटरला ३० वॉट-तास जात असतील, तर १०० मीटर चढ म्हणजे जेमतेम तीन किलोमीटरचं अंतर. कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंतचा चढ सुमारे ३०० मीटरचा आहे. तो रस्त्याच्या अंतरावर आणखी आठ-नऊ किलोमीटर खातो. ज्यांची बॅटरी लवकर उतरते त्यांनी चढाला दोष देण्याआधी वेग बघावा. ४०वरून ६०वर गेलात की हवेचा अडथळा सव्वादोन पट होतो. कंपनीची जाहिरातीतली रेंज ठरावीक चाचणीतली असते, तीत ना घाट असतो ना समोरचा वारा.

आगीची थट्टा करू नये, माणसं गेली आहेत. एआयएस-१५६ या भारतीय वाहन-मानकातले बॅटरी सुरक्षेचे वाढीव नियम दोन टप्प्यांत आले, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३. जुनी गाडी घेताना निर्मितीची तारीख या दुसऱ्या टप्प्यानंतरची आहे का, ते नोंदणीपत्रात बघा. सेल एलएफपीचे (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) असतील तर ते एनएमसीपेक्षा (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) जास्त उष्णता सोसतात, पण त्याच वजनात साठा कमी देतात.

एप्रिल-मेच्या उन्हात फिरून आल्यावर अर्धा तास गाडी सावलीत निवू द्या, मग चार्जिंगला लावा. बॅटरी फुगली, गोडसर रसायनाचा वास आला किंवा बंद असतानाही ती कोमट लागली तर चार्जर काढा आणि गाडी घराबाहेर मोकळ्यावर न्या. पेटल्यावर जवळ जाऊ नका, १०१ला फोन करा. कोरड्या पावडरीनं ज्वाळा दबते, पण सेल आतून तापलेलेच राहतात आणि पुन्हा पेटतात. त्यांना थंड करायला भरपूर पाणी लागतं. ते काम अग्निशमन दलाचं.

कित्येकदा बॅटरी ठीक असते आणि जळतो तो सैल सॉकेट. अर्धा तास चार्जिंग झाल्यावर बटण बंद करा, प्लग काढा आणि पिनांशेजारच्या प्लास्टिकला बोट लावा. कोमट चालेल. बोट ठेववत नसेल किंवा प्लास्टिक पिवळं पडलं असेल, तर सॉकेट बदलून १६ अँपिअरचं, अर्थिंग असलेलं बसवा आणि एक्स्टेन्शन बोर्ड मधून काढून टाका.