रविवारचा क्लास आणि कोरं स्केचबुक

प्रिय मैत्रिणी,

नऊ वर्षं मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतेस. मानधन वेळेवर येईना म्हणून घरी रविवारचा क्लास काढलास. आता वीस मुलं येतात आणि तुझं स्वतःचं स्केचबुक मार्चपासून कोरं आहे. "शिकवायला लागले म्हणजे चित्रकार म्हणून संपले का हो ताई?" असं विचारतेस.

संपली नाहीस, कंटाळली आहेस. कारण तूच लिहिलंयस: एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांतल्या स्मरणचित्रासाठी 'बाजार', 'बागेतली मुलं', 'बसस्टॉप' अशी तयार चित्रं मुलांकडून पाठ करून घेतेस. पालकांना ग्रेड हवी, दहावीला वाढीव गुण हवेत, त्यांचं चुकत नाही. पण अगं, स्मरणचित्र म्हणजे तुझाच धंदा की! समोर कुणी बसलेलं नसताना माणसं उभी करायची, कोण जवळ कोण लांब ते ठरवायचं, प्रसंग बघताक्षणी कळला पाहिजे. तू पुस्तकात दुसरं काय करतेस?

पुढच्या रविवारी मुलांना भाजी मंडईत ने. पेन्सिल पिशवीतच. भाजीवाली उकिडवी बसते तेव्हा गुडघे कुठे येतात, तागडी उचलताना खांदा कसा कलतो, एवढंच बघायचं. घरी येऊन काढायचं, तूही त्यांच्याबरोबर. महिनाभर चित्रं वेडीवाकडी येतील, पालक कुरकुरतील. त्यांना सांग, विषय बदलून आला तर पाठ केलेला बाजार कामाचा नाही. आणि मुलांच्या कागदावर हात फिरवू नकोस, बाजूला वेगळं काढून दाखव. (माझ्या गायीचे पाय शाळेतल्या बाईंनी काढून दिले होते. ती गाय मी घरी कुणालाच दाखवली नाही.)

राहिलं ते प्रकाशकाने तुझं जुनं चित्र न विचारता दुसऱ्या पुस्तकावर छापल्याचं. राग रास्त आहे, पण १९५७च्या कॉपीराइट कायद्यात पैसे देऊन काढवून घेतलेल्या रंगचित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, ते काढवून घेणाऱ्याकडे जातो. त्यामुळे त्या चित्रापायी भांडून फार काही हाती लागेल असं मला वाटत नाही. पुढच्या कामाआधी मात्र ईमेल कर: चित्र याच पुस्तकापुरतं, हक्क माझे. त्यांचा लेखी होकार येईपर्यंत एक रेघ ओढू नकोस.

मंडईतून आल्यावर काढलेलं पान मला पाठव. मुलांचं नको, तुझं.

तुझी,
ताई