हुकूम नंतर, आधी तुकडी निवडा

मध्ययुगीन लढायांच्या गेम्समध्ये हाताखालची माणसं कशी लढवायची, यावर वाचकांचे प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रं ‘माउंट अँड ब्लेड’ मालिकेची निघाली: २०१० चा ‘वॉरबँड’ आणि २०२२ मध्ये पूर्ण स्वरूपात आलेला ‘बॅनरलॉर्ड’. त्यातली निवडक इथे घेतली आहेत.

प्रश्न : वॉरबँड खेळायलोय. तीस गडी जमवलेत. लढाई सुरू झाली की एफ१, एफ३ दाबतो. सगळे पळत सुटतात आणि मी पोचेपर्यंत निम्मे आडवे. लुटारूंना हरवतो, पण एखाद्या सरदाराशी गाठ पडली की खेळ खल्लास. चुकतंय कुठं? (जुळे सोलापूर)

एफ१-एफ३ (कीबोर्डवरची ही दोन बटणं एकामागे एक) म्हणजे ‘तुटून पडा’. हा हुकूम सुटला की प्रत्येक जण आपापल्या वेगाने धावतो. घोडेस्वार सगळ्यात आधी पोचतात, मग हलक्या कपड्यातले नवखे, आणि ज्यांच्या अंगावर चिलखत आहे ते सगळ्यात शेवटी. समोरचे मात्र एकत्र उभे असतात. म्हणजे तुमचे तीस विरुद्ध त्यांचे तीस अशी लढाई होतच नाही. एकेक जण पाच-सहा जणांच्या तावडीत जातो. लुटारूंकडे ढाल नाही, चिलखत नाही, म्हणून तिथे हे खपून जातं.

समजा तुमच्याकडे १८ पायदळ, ८ तिरंदाज आणि ४ घोडेस्वार आहेत. वॉरबँडमध्ये १ दाबलं की पायदळ ऐकतं, २ ला तिरंदाज, ३ ला घोडदळ, आणि ० दाबलं की सगळे. मैदानात उतरल्या उतरल्या ० दाबा आणि एफ१ दोनदा दाबा. सगळे तुम्ही उभे आहात तिथे थांबतील. आता जवळचा उंचवटा शोधा. एफ१ दाबून धरलं की जमिनीवर निशाण दिसतं. ते चढावर नेऊन बोट सोडा, माणसं तिथे जाऊन उभी राहतील. तिरंदाज चढाच्या वरच्या अंगाला ठेवा आणि पायदळ त्यांच्या पुढे, खालच्या अंगाला. त्यामुळे बाण आपल्याच माणसांच्या डोक्यावरून जातात. मैदान सपाट असेल तर उलट करा: तिरंदाज पुढे एका ओळीत, पायदळ त्यांच्या मागे. शत्रू तीस-चाळीस पावलांवर आला की १, एफ२, एफ१. म्हणजे पायदळ दहा पावलं पुढे. एकदा पुरलं नाही तर पुन्हा द्या. पायदळ तिरंदाजांना ओलांडून पुढे गेलं की काम झालं.

घोडेस्वार या सगळ्यात गुंतवू नका. ३, एफ१, एफ२ असं करून त्यांना आपल्यामागे घ्या आणि लांबून वळसा घाला. दोन्ही पायदळं एकमेकांना भिडली की मगच शत्रूच्या तिरंदाजांवर मागून ३, एफ१, एफ३. आरपार गेलात की लगेच एफ१, एफ२ देऊन त्यांना परत बोलवा. इथेच बहुतेकांचे घोडेस्वार मरतात. घोड्याचा जोर त्याच्या वेगात असतो. गर्दीत अडकून उभा राहिलेला घोडा चार भाल्यांच्या मध्ये सापडतो आणि स्वार खाली येतो.

आणखी एक, ज्याने लढाया हातच्या जातात. आकडा दाबून निवडलेली तुकडी पुढच्या हुकमालाही तीच राहते. घोडदळाला हुकूम देऊन झाल्यावर घाईत नुसतं एफ१-एफ१ दाबलं तर पायदळ ढिम्म हलत नाही, घोडेस्वार मात्र ऐन धावेत थांबतात. प्रत्येक हुकमाआधी आकडा दाबायची सवय लावा, आकडा तोच असला तरी.

प्रश्न : लॅपटॉपवर एफ१ दाबलं की आवाज बंद होतो आणि एफ२ ला आवाज कमी होतो. हुकूम जातच नाही. आणि एप्रिलपासून मशीन इतकं तापतं की लढाईत चित्र अडकायला लागतं. नवीन लॅपटॉप घ्यावा का? (साखर पेठ)

आधी फंक्शन लॉक बघा. एस्केपच्या बटणावर कुलपाचं चित्र असेल तर एफएन आणि एस्केप एकत्र दाबा. नसेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच उघडता येणारी मूळ सेटिंग) ‘ॲक्शन कीज’ किंवा अशाच नावाची सोय असते, ती बंद करा. बोटं पुरत नसतील तर स्वस्तातला बाहेरचा कीबोर्ड जोडा. लॅपटॉपची एफ-बटणं बारीक आणि चिकटलेली असतात, त्यामुळे एफ३ च्या जागी एफ२ दाबलं जातंच.

तापण्याबद्दल म्हणाल तर सोलापुरात मे महिन्यात दुपारी चाळिशीच्या पुढच्या उन्हात कोणतंही मशीन दमतं. गरम झालेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, म्हणून चित्र अडकतं. वॉरबँडच्या सेटिंगमध्ये ‘बॅटल साइझ’ (एका वेळी मैदानात असणारी माणसं) दीडशेपर्यंत जातो, तो साठवर आणा. मैदानावर दिसणाऱ्या प्रेतांची संख्या आणि रॅगडॉल (पडणाऱ्या शरीरांची हालचाल) हेही कमी करा, सावल्या बंद करा. लॅपटॉप गादीवर किंवा चादरीवर ठेवू नका, खालची जाळी बंद होते. एवढ्याने भागेल. वॉरबँडसाठी नवीन मशीन घ्यायची गरज नाही. बॅनरलॉर्डची भूक मात्र वेगळी आहे.

बॅटल साइझ कमी केला की मैदानात सगळे एकदम उतरत नाहीत, बाकीचे मागून कुमक म्हणून येतात. वॉरबँडमध्ये तुकडीच्या यादीत जे वर, ते आधी उतरतात. म्हणून नवख्यांना यादीत तळाला ढकला आणि मुरलेले पायदळ वर घ्या.

प्रश्न : बॅनरलॉर्डमध्ये ‘शील्ड वॉल’ लावूनही बाणांनी माणसं पडतात. भिंत लावायची तरी कशाला? (अक्कलकोट रोड)

बहुतेक वेळा भिंतीचं तोंड चुकीच्या दिशेला असतं. ढाल फक्त समोरून वाचवते. शत्रूचे घोडेस्वार तिरंदाज बाजूला सरकले आणि तुमची रांग मूळ दिशेलाच बघत राहिली, तर बाण थेट बरगडीत. एफ२ हा तोंड वळवायचा मेनू आहे. शत्रू हलला की भिंतही वळवा. दुसरं कारण साधं आहे. दोन हाती कुऱ्हाड आणि लांब भालेवाले यांच्याकडे ढाल नसते. ते भिंतीत घुसले की तिथे भगदाड. त्यांची वेगळी तुकडी करून मागे ठेवा.

पायदळाला १ ने निवडून एफ३, एफ२ दिलं की भिंत होते, एफ३, एफ३ ने सैल रांग. बाण पडत असताना पुढे सरकायचंय आणि ढाली पुरेशा आहेत, तर भिंत. ढाली कमी असतील तर सैल रांग बरी, निम्मे बाण मधल्या मोकळ्या जागेत पडतात. हातघाईच्या क्षणी मात्र भिंत सोडून साधी रांग करा (एफ३, एफ१). भिंतीत माणसं इतकी चिकटून असतात की तलवार फिरवायला जागाच उरत नाही. पाचरीसारखी रचना पायदळाला लावण्याच्या फंदात पडू नका, ती घोडदळाची आहे.

प्रश्न : लुटारूंच्या अड्ड्यावर मोजकीच माणसं नेता येतात. कोण न्यायचे? (बार्शी)

लहान तुकडीचा खरा कस इथेच लागतो. बॅनरलॉर्डमध्ये आठ-दहा जणच सोबत येतात आणि घोडे बाहेर राहतात. त्यातले निम्मे तरी चांगले तिरंदाज असू द्या, बाकी ढालवाले. घोडेस्वारांतही चिलखतवाले बळकट असतात, खाली उतरूनही उत्तम लढतात, पण ज्यांची सगळी मदार भाल्यावर आहे ते अरुंद वाटेत अडखळतात.

लुटारू अड्ड्यात दोन-दोन, तीन-तीनच्या घोळक्यात विखुरलेले असतात. ‘तुटून पडा’ म्हटलंत तर तुमची माणसं गड्ड्याच्या जत्रेत हात सुटलेल्या पोरांसारखी चहूकडे पांगतात आणि सगळे घोळके एकदम जागे होतात. एफ१, एफ२ देऊन मागे घ्या, कोपऱ्याच्या अलीकडे थांबवा, तिरंदाजांना मोकळी नजर मिळेल असं बघा. तुम्ही एकटे पुढे जाऊन एका घोळक्याच्या नजरेस पडा आणि परत पळत या. मागे आलेले तुमच्या बाणांच्या माऱ्यात सापडतात. मग पुढचा घोळका. याला वेळ लागतो, पण माणूस वाचतो. शेवटी म्होरक्या द्वंद्वाचं आव्हान देतो. तुमची पाचपेक्षा जास्त माणसं धड असतील तर आव्हान नाकारा आणि सगळ्यांनिशी लढा. अंगावरचं चिलखत हलकं असताना मर्दुमकी दाखवण्यात शहाणपण नाही.

प्रश्न : लढाईत मीच पडलो तर पुढे काय? आणि पडलेले शिपाई कायमचे जातात का? (पंढरपूर)

बॅनरलॉर्डमध्ये तुमच्यानंतरही लढाई चालू राहते, तुकड्यांचा ताबा संगणकाकडे जातो. वॉरबँडमध्ये तुम्ही पडलात की मैदानाबाहेर येता, आणि मग ‘माझ्याशिवाय लढा’ हा पर्याय निवडला की निकाल नुसता हिशेबाने लागतो. त्यात रांग, चढ, तिरंदाज यांना काही किंमत नसते. म्हणून वॉरबँडच्या कप्तानाने पहिल्या फळीत घुसू नये. फळीच्या एका टोकाला, घोड्यावर बसून राहावं.

शिपायांचं सांगायचं तर पडलेला प्रत्येक जण मरत नाही, काही जखमी होऊन परत येतात. वॉरबँडमध्ये ‘सर्जरी’च्या प्रत्येक पायरीमागे वाचण्याची शक्यता ४ टक्क्यांनी वाढते, आणि हे कौशल्य सोबत्याकडे असलं तरी चालतं. जेरेमस हा वैद्य एखाद्या शहरातल्या खानावळीत भेटला तर दवडू नका. वॉरबँडमध्ये सोबती स्वतः कधी मरत नाहीत, नुसते बेशुद्ध होतात. वॉरबँडमध्येच कैदी धरायचे असतील तर एफ३, एफ३ देऊन बोथट हत्यारं वापरायला सांगा. अर्थात ज्यांच्याकडे ती आहेत त्यांनाच त्याचा उपयोग.

प्रश्न : ‘किंगडम कम’ या गेममध्ये हुकूम कसे द्यायचे? बटणच सापडत नाही. (मंगळवेढा)

सापडणार नाही, कारण नाहीच. १४०३ च्या बोहेमियातला (आजच्या चेकियातला भाग) हेन्री, म्हणजे तुम्ही खेळता ते पात्र, हा लोहाराचा पोरगा, सरदार नव्हे. मोठ्या लढायांत बाकीचे कथेप्रमाणे लढतात. तुमचं ऐकणारा एकच, मट नावाचा कुत्रा, तोही ‘अ वुमन्स लॉट’ हा जोडभाग असेल तर. तिघांशी एकट्याने गाठ पडली तर मागे सरकत राहा म्हणजे ते एकामागे एक येतील, आणि कुत्रा कडेच्या माणसावर सोडा.

प्रश्न : कारखान्यात रात्रपाळी असते. घाईची लढाई जमत नाही. सावकाश खेळता येईल असं काही? (चिंचोळी एमआयडीसी)

‘बॅटल ब्रदर्स’ (२०१७) घ्या. पाळीपाळीने चालतो, मध्येच उठून गेलात तरी शत्रू थांबतो. साध्या मशीनवरही चालतो. पुढे थोडी भुतंखेतं आणि राक्षस येतात, पण माणसं सांभाळण्याचा हिशेब अगदी खरा आहे: रोजचा पगार, रोजचं अन्न, चिलखत दुरुस्तीचं सामान. सुरुवातीला तीन जण असतात, मैदानात एका वेळी बारा उतरतात. पहिले पैसे तलवारींवर घालवू नका. प्रत्येकाला ढाल आणि भाला द्या. भाल्याने नेम लागण्याची शक्यता २० टक्क्यांनी वाढते, नवख्याला तोच सोसतो. उंचावरून वार केला की आणखी १० टक्के. जड चिलखत मोहात पाडतं, पण त्याने दम कमी होतो. दर फेरीला १५ एवढाच दम परत मिळतो, त्यामुळे चौथ्या-पाचव्या फेरीत जड चिलखतवाला नुसता उभा राहतो आणि मार खातो. शत्रूचं चांगलं चिलखत हवं असेल तर शेवटच्या माणसाला घेरून खंजिराने मारा. खंजिराचा ‘पंक्चर’ वार चिलखताला धक्का न लावता आत जातो.