जुन्या गाडीला ऑक्सिजन सेन्सर कुठला घ्यायचा?

प्रश्न: माझी पेट्रोल गाडी २००५ ची आहे. चेक इंजिनचा लाइट लागलाय, अॅव्हरेज पण पडलंय. मेकॅनिक म्हणतो ऑक्सिजन सेन्सर गेला. मागे ऑनलाइन एक स्वस्तातला मागवून टाकला होता पण थोड्याच दिवसात लाइट परत आला. गाडीच्या कंपनीच्या डब्यातला फार महाग पडतोय. भरवशाचा कुठला घेऊ, आणि युनिव्हर्सल चालेल का?

उत्तर: आधी एक विनंती, हा सेन्सर (सायलेन्सरच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा) मागवायच्या अगोदर तो खरंच गेलाय का ते बघून घ्या. स्कॅनर लावून कोड काय येतो ते स्वतः वाचा, नुसतं "सेन्सर गेला" यावर पैसे घालू नका. पी ०१३५ आला तर पुढच्या, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर साफ करणाऱ्या डब्याच्या) अलीकडच्या सेन्सरला तापवणाऱ्या हीटरच्या सर्किटमध्ये काहीतरी आहे, तेव्हा आधी फ्यूज आणि वायरिंग बघायचं. पण पी ०४२० असेल तर तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड आहे, आणि लोक त्यावर मागचा, कन्व्हर्टरच्या पलीकडचा सेन्सर बदलतात, बहुतेक वेळा लाइट काही जात नाही. सायलेन्सरच्या पाइपला सेन्सरच्या अलीकडे बारीकशी लीक असली तरी बाहेरची हवा आत खेचली जाते आणि चांगला सेन्सरसुद्धा मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) आहे असंच सांगत राहतो.

घरी मल्टिमीटर असेल तर हीटर तपासणं सोपं आहे. इंजिन गार असताना कनेक्टर काढा, चार वायरच्या सेन्सरमध्ये बहुतेक वेळा दोन वायर एकाच रंगाच्या असतात, त्या हीटरच्या, त्यांच्यामध्ये ओहम मोजा. थोडेसे ओहम दिसले तर हीटर ठीक, मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटलीय. नेहमीचा झिरकोनियाचा (एक प्रकारच्या सिरॅमिकचा) सेन्सर साधारण ३०० डिग्रीच्या वर तापल्याशिवाय कामच करत नाही म्हणून हीटरला एवढं महत्त्व. तापल्यावर पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या मध्ये भराभर वर-खाली व्हायला पाहिजे, एकाच जागी अडकला किंवा रेंगाळत हलायला लागला की समजायचं म्हातारा झाला.

आता खरेदीचं. माझं मत स्पष्ट आहे, जुना सेन्सर बाहेर काढा, पुसा आणि त्याच्यावर कोरलेलं नाव आणि नंबर वाचा. गाडीच्या कंपन्या सहसा सेन्सर स्वतः बनवत नाहीत, बॉश, डेन्सो, एनटीके अशांकडून घेतात. तुमच्या गाडीत मुळात ज्याचा बसला होता त्याचाच, त्याच्या स्वतःच्या डब्यातला घ्या, माल त्याच दर्जाचा मिळतो आणि गाडीच्या लोगोचे पैसे वाचतात. नंबर मात्र सेन्सर बनवणाऱ्या कंपनीच्या कॅटलॉगमध्ये तुमचं मॉडेल, इंजिन आणि साल टाकून जुळवा. पुढचा आणि मागचा वेगळा असू शकतो, आणि काही गाड्यांत पुढे साधा सेन्सर नसून वाइडबँड, म्हणजे एअर फ्युएल रेशो सेन्सर असतो, त्या जागी साधा लावला तर ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) काही कळत नाही. आटे जुळले म्हणजे सेन्सर जुळला असं नाही, बरेचसे सेन्सर १८ मिलिमीटरच्या आट्याचेच असतात!

युनिव्हर्सल, म्हणजे कनेक्टरशिवाय मिळणारा सेन्सर, वाईट नसतो, चांगल्या ब्रँडचा असेल तर चालतो, पण वायर जोडायचं काम तुमच्यावर येतं. बऱ्याच सेन्सरला तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरच्या तारांमधूनच मिळते, सोल्डर केलं की ती वाट बंद होते, म्हणून सोबत आलेल्या क्रिंपनेच (दाबून बसवायच्या जोडणीनेच) जोडायचं. कनेक्टरसकट मिळत असेल तर थोडे जास्त गेले तरी तोच घ्या, जुन्या गाडीचं वायरिंग आधीच कडक झालेलं असतं.

आणि नकली पार्टचं सांगायलाच हवं, कारण नामांकित डब्यात बोगस माल भरपूर फिरतो. बाकी सगळीकडे एक भाव आणि एकाच ठिकाणी निम्म्याला, तर सोडून द्या. हातात आल्यावर नवा-जुना शेजारी ठेवा, अंगावरचं कोरीवकाम, टोकाच्या कवचाची भोकं, वायरची लांबी सगळं बघा. आधीचा खरंच अस्सल असूनही लवकर गेला असेल तर इंजिन ऑइल खातंय का, कूलंट जळतंय का ते तपासा, त्याचा थर सेन्सरवर बसतो, नाहीतर नवाही त्याच वाटेने जाणार.

प्रश्न: जुना सेन्सर पेट्रोलमध्ये बुडवून, ब्रशने घासून परत लावला तर चालतो का?

उत्तर: नका करू. साधी काजळी गाडी चांगली तापून पळाली की आपोआप जळते. सिलिकॉनचा किंवा शिशाचा थर बसला असेल तर तो घासून जात नाही, उलट ब्रशने सेन्सरच खराब होतो. सिलिकॉनवरून आठवलं, इंजिनला गॅस्केट सीलंट लावायचं असेल तर ट्यूबवर ऑक्सिजन सेन्सरला चालतं असं लिहिलंय का ते बघूनच घ्या.