पहिली पीसीआर चिप करताना

पीसीआर म्हणजे तापमानाचे फेरे (सायकल) देत डीएनएच्या प्रती वाढवणं; चिपवर ते अगदी बारीक चॅनलमध्ये होतं. वेगाचं नंतर बघ, आधी बुडबुडे आवर. ९५ अंशांना मिश्रणात विरघळलेली हवा बाहेर पडते, शिवाय पीडीएमएस (चिपचं सिलिकॉन रबर) सच्छिद्र असल्यामुळे पाण्याची वाफही भिंतींतून निसटते. चॅनलमध्ये एक बुडबुडा अडकला तरी नमुना मधोमध तुटतो आणि पुढचा रिझल्ट भरवशाचा राहत नाही. म्हणून मिश्रण भरण्याआधी व्हॅक्यूममध्ये डीगॅस कर, म्हणजे आतली हवा काढून टाक, आणि चॅनलची तोंडं मिनरल ऑइलने बंद कर.

जेलवर डीएनएची पट्टी, म्हणजे बँडच आला नाही तर लगेच प्रायमरवर (प्रत जिथून सुरू होते त्या छोट्या डीएनए तुकड्यांवर) खापर फोडू नकोस. चिपमध्ये द्रवाच्या मानाने भिंतींचा पृष्ठभाग प्रचंड असतो. प्रती करणारं एन्झाइम, पॉलिमरेज, तिथेच चिकटून बसतं. बीएसए हे प्रथिन घाल, म्हणजे पॉलिमरेजऐवजी ते भिंतींना चिकटेल; चॅनलही आधी त्यानेच भिजवून घे. माझ्या मते नवख्यांच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

हीटरचा आकडा म्हणजे द्रवाचं तापमान नव्हे, तेवढं तपासून घे.

आणि घाई नको. १९९८ मध्ये कॉप, डी मेलो आणि मान्झ यांनी काचेच्या चिपवर तीन तापमानांच्या पट्ट्यांवरून नमुना वाहवत २० सायकल दीड मिनिटात करून दाखवल्या, पण वेग वाढवला तसं डीएनएचं प्रमाण घटत गेलं. तू आधी सावकाश चालव, निगेटिव्ह कंट्रोल (मूळ डीएनए न घातलेला नमुना) स्वच्छ येऊ दे, मग एकेक सेकंद कमी कर.